टाइप 2 मधुमेहासाठी तज्ज्ञाकडे जावे का? चिपळुणातील एका फिरत्या दवाखान्याबद्दल

चिपळुणात महिन्यातील ठरावीक शनिवारी मुंबईहून एक अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे मधुमेह, थायरॉइड अशा ग्रंथींच्या आजारांच्या डॉक्टर, येतात आणि शहरातील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दिवसभर मधुमेहाचे रुग्ण तपासतात. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, गेल्या वर्षापासून त्यांच्याकडे जातात आणि सोबतीला बहुतेक वेळा मी असतो. गुहागर तालुक्यातील आमच्या गावात हे कळल्यापासून ‘आम्हीही तिकडे दाखवावे, की आपल्या डॉक्टरांचेच चालू ठेवावे?’ अशी विचारणा सतत होत असते. ती विचारणा करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. दवाखान्याचे नाव देत नाही, कारण मला काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याचशा कोकणात फिरतीवर येणाऱ्या कोणत्याही तज्ज्ञाच्या दवाखान्याला लागू पडतील अशा आहेत.

टाइप 2 मधुमेह असलेल्या प्रत्येकाने तज्ज्ञ गाठावा असे माझे मत नाही, आणि ते शक्यही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची 13 कोटींच्या वर असल्याचे म्हटले आहे. आपल्याला खेटून असलेल्या गोव्यात तर प्रौढांमधील प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. दुसरीकडे अंतःस्रावतज्ज्ञ व्हायचे तर एमबीबीएस, त्यानंतर एमडी आणि त्यावर आणखी तीन वर्षांची डीएम ही पदवी लागते. असे डॉक्टर मुळात थोडे आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांतले. त्यामुळे गावच्या डॉक्टरांना कळत नाही आणि मोठ्या डॉक्टरांना कळते, अशी तुलना करण्यात अर्थ नाही. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर कोणाचा वेळ घ्यावा, एवढेच ठरवायचे असते.

येथे पाटीवरील पदवी वाचण्याविषयीही सांगितले पाहिजे. ‘मधुमेहतज्ज्ञ’ हे शब्द पाटीवर दिसले म्हणजे आत डीएम झालेले डॉक्टर बसले आहेत असे नसते. कोणी एमडी मेडिसिन असतात आणि वर्षानुवर्षे मधुमेहाचेच रुग्ण पाहत असल्याने त्यांचा हात बसलेला असतो, तर कोणी एमबीबीएसनंतर मधुमेहाचा छोटा अभ्यासक्रम केलेले असतात. यांपैकी कोणालाही कमी लेखण्याचा हेतू नाही. साध्या दुखण्याला चांगला एमडी पुरून उरतो. परंतु ज्या प्रश्नासाठी आपण दिवसभराची मजुरी बुडवून जाणार आहोत त्या प्रश्नाला लागणारे शिक्षण समोरच्या डॉक्टरांकडे आहे का, हे आधी पाहून घ्यावे. आमच्या दवाखान्यातील डॉक्टर डीएम आहेत आणि तसे पाटीवर स्पष्ट लिहिलेले आहे.

दादांना मधुमेह होऊन आता बरीच वर्षे झाली. वय साठीच्या पुढे, अंगकाठी सडपातळ, नारळ-पोफळीची वाडी स्वतः राखतात, पहाटे उठून शिपणे करतात आणि चालण्याचा व्यायाम वेगळा करावा अशी त्यांची दिनचर्याच नाही. गावचे डॉक्टर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि नंतर सिटाग्लिप्टिन अशी औषधे नियमाने वाढवत गेले होते. तरीही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी वर्षभर साडेआठच्या आसपास अडकून राहिली. बहुतेक प्रौढांसाठी ती सातच्या आत असावी असे धरले जाते. त्यातच दुपारी जेवायला उशीर झाला की दादांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. वजनही थोडे उतरले होते. एकाच माणसाची साखर सरासरीने जास्त आणि मधेच धोकादायकरीत्या कमी, औषधे तीन आणि शरीर सडपातळ. आम्हाला तज्ज्ञाची वाट या तिन्ही गोष्टींच्या बेरजेने दाखवली. यांतील एकच गोष्ट असती तर बहुधा गेलो नसतो.

गावाकडे तज्ज्ञाकडे न जाण्यामागे पैशाइतकेच मोठे कारण असते ते म्हणजे ‘आपल्या डॉक्टरांना काय वाटेल’. ज्यांनी आपल्या आईचे शेवटचे आजारपण काढले, जे रात्री-अपरात्री पायवाट तुडवत घरी आले, त्यांना न सांगता परस्पर चिपळूण गाठणे बरे दिसत नाही आणि सांगायचे तर तोंड उघडत नाही. आम्ही सरळ विचारले. डॉक्टर म्हणाले, “दादा, मीच तुम्हाला सांगणार होतो. तीन गोळ्यांवर साखर हलत नाही, तर चौथी मी अंदाजाने लिहिण्यापेक्षा एकदा त्यांना बघू द्या.” त्यांनी आपल्या लेटरपॅडवर कोणते औषध कधी सुरू केले, कोणत्या डोसला काय त्रास झाला आणि आधीच्या चाचण्यांचे आकडे असे पानभर लिहून दिले. त्या पानाचा पुढे जो उपयोग झाला तो पाहता, गावच्या डॉक्टरांचे पत्र घेतल्याखेरीज तज्ज्ञाकडे जाऊच नये असे मी म्हणेन. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणातील कितीतरी घरांतल्या कागदांचा लगदा झाला होता. दादांचे जुने रिपोर्ट आमच्या बाजारातल्या नातलगाकडे ठेवलेले होते, तेही त्यातच गेले. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये असतो.

आता दवाखान्याविषयी, आणि आधी तक्रार. नाव नोंदवताना फोनवर सांगितले गेले की उपाशीपोटी या, रक्त इथेच घेऊ. गुहागरहून पहिली एसटी धरून आम्ही पोहोचलो तोवर रक्त घेणाऱ्या मुलीपुढे मोठी रांग होती. दादांनी सकाळची ग्लिमेपिराइड नेहमीप्रमाणे घेतलेली, पोटात काही नाही आणि रक्त देईपर्यंत ऊन चढलेले. नशिबाने माझ्या पिशवीत बिस्किटे होती आणि रक्त दिल्याबरोबर ती त्यांना दिली. पण शेजारच्या बाकावरच्या खेडहून आलेल्या एका वयस्कर बाईंना घाम सुटून गरगरू लागले, तेव्हा मदतनिसाने धावत जाऊन खालून साखर आणली. मधुमेहाच्याच दवाखान्यात, साखर कमी करणारी गोळी घेतलेल्या माणसांना उपाशी ताटकळत ठेवणे ही मला अक्षम्य गोष्ट वाटते. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे फोनवर स्पष्ट सांगायला काय हरकत आहे? शिवाय एचबीएवनसीसाठी उपाशी राहावेच लागत नाही, आणि उपाशीपोटीची साखर आदल्या दिवशी गुहागरच्या प्रयोगशाळेतही तपासता येते. पुढच्या खेपांना आम्ही तेच केले, रिपोर्ट हातात घेऊन आणि दादांना भरपेट न्याहारी देऊन गेलो, आणि दवाखान्याने त्यावर काहीही आक्षेप घेतला नाही. म्हणजे ही अट कोणाच्या तरी सोयीची होती, गरजेची नव्हती.

डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर मात्र चित्र पालटते. त्यांनी प्रथम गावच्या डॉक्टरांचे पत्र शांतपणे शेवटपर्यंत वाचले, मग औषधांविषयी काहीही न बोलता दादांना विचारले, “काका, पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता आणि केव्हा काय खाता, ते सांगा.” दादांनी सांगितले की सकाळी चहा आणि गोळी, मग शिपणे, मग भाकरीचा तुकडा, आणि जेवण वाडीतून सुटका होईल तेव्हा, कधी एकला तर कधी अडीचला. डॉक्टर म्हणाल्या, “गोळी घड्याळाप्रमाणे चालते आहे आणि जेवण वाडीप्रमाणे. दुपारी घाम येतो त्याचे कारण हे.” ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे की नाही याची ती वाट पाहत नाही, अशा वेळी साखर 70 च्या खाली गेली की थरथर आणि घाम सुरू होतो, आणि मग माणूस घाबरून गोड खातो, त्यामुळे पुढचे काही तास साखर वर जाते. सरासरी जास्त आणि तरी मधेच कमी, या कोड्याची एक बाजू अशी सुटली. ही गोष्ट कोणालाही सुचण्यासारखी आहे, पण त्यासाठी रुग्णाच्या दिवसाची सविस्तर चौकशी करण्याइतका वेळ लागतो, आणि गावच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या गर्दीत तो मिळत नाही. तज्ज्ञाच्या फीमध्ये आपण मुख्यतः हा वेळ विकत घेतो.

त्यानंतरची तपासणी मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण दादांच्या इतक्या वर्षांच्या आजारात ती प्रथमच झाली. डॉक्टरांनी त्यांना चपला काढून पलंगावर आडवे व्हायला सांगितले आणि डोळे मिटायला लावले. मग दांडीला बसवलेला नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी इतपतच टेकवला की तो जेमतेम वाकावा, आणि दर वेळी ‘लागले का?’ असे विचारले. दहा ग्रॅम दाबाचा हा तंतू ज्याला जाणवत नाही त्याच्या पायाचे संरक्षक भान हरपले आहे असे मानतात. उजव्या पायाला दादा ‘हो, हो’ म्हणत होते. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली आणि चवड्यावर तंतू वाकला तरी ते गप्पच राहिले. कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला तेव्हाही तसेच झाले. मग डॉक्टरांनी टाच वळवून पाहिली, तर भेगेत झावळाच्या हिराचे मोडलेले टोक रुतून बसलेले होते आणि भोवती लाल झाले होते. दादांना त्याचा पत्ताच नव्हता. वाडीत अनवाणी फिरणाऱ्या आणि पावसाळ्यात लावणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मधुमेहात पाय कापावा लागण्याची कहाणी बहुधा अशाच न दुखलेल्या जखमेपासून सुरू होते.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चाचण्या आणि औषधे यांमागचा विचार त्यांनी तोंडी समजावला, हे या दवाखान्याचे दुसरे बलस्थान. पायाची बधिरता साखरेमुळेच असेल असे त्यांनी गृहीत धरले नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी 12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पाय बधिर होतात, म्हणून तेही तपासले, आणि ते खरोखरच कमी निघाले. रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो म्हणून हिमोग्लोबिन पाहिले. ते ठीक होते. लघवीत प्रथिने जातात का हे पाहणाऱ्या चाचणीत अल्ब्युमिनचे प्रमाण वाढलेले दिसले. ते 30 च्या आत असायला हवे, आणि ते वाढणे हे मूत्रपिंडावर ताण असल्याचे लवकर दिसणारे लक्षण असते. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातले क्रिॲटिनिन मात्र अजून फारसे वाढले नव्हते. केवळ क्रिॲटिनिनवर विसंबलो असतो तर हे कळायला आणखी काही वर्षे गेली असती. वजन उतरल्यामुळे पोटाची सोनोग्राफीही करायला सांगितली. तिच्यात काही दोष आढळला नाही.

मूत्रपिंडाला संरक्षण देणारी डापाग्लिफ्लोझिन ही गोळी अशा वेळी उपयोगी पडते, हे मी वाचलेले होते आणि ती आजच मिळेल असे मला वाटले होते. डॉक्टरांनी ती त्या दिवशी दिली नाही. त्या म्हणाल्या की काका सडपातळ आहेत आणि वजनही उतरले आहे, म्हणजे त्यांच्या शरीरात इन्सुलिन पुरेसे तयार होते आहे का, हे सी-पेप्टाइड या चाचणीने पाहिल्याशिवाय ही गोळी देणे योग्य नाही. इन्सुलिन फारच कमी असेल तर तिच्यामुळे रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो. सी-पेप्टाइड समाधानकारक आल्यावर पुढच्या भेटीत गोळी सुरू झाली, ग्लिमेपिराइड निम्म्यावर आले, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन लागले. एक औषध थांबवून धरणे, एक कमी करणे आणि मग दोन वाढवणे, हा क्रम पाहून तज्ज्ञाकडे गेले की नुसत्या गोळ्याच वाढतात ही समजूत निदान आमच्या बाबतीत तरी खोटी ठरली. ताप, उलट्या किंवा जुलाब झाले, किंवा काही कारणाने उपास घडला, तर डापाग्लिफ्लोझिन त्या दिवसांपुरती बंद ठेवायची आणि भरपूर पाणी प्यायचे, हेही त्यांनी दोनदा बजावले. श्रावणात आणि चतुर्थी-एकादशीला उपास करणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

आहाराच्या बाबतीत मात्र हा दवाखाना सपशेल नापास आहे. शेजारच्या खोलीत बसणाऱ्या आहारतज्ज्ञ मुलीने जो छापील कागद दिला त्यात न्याहारीला ओट्स, मधल्या वेळी पनीर, जेवणात मल्टिग्रेन पोळी आणि ‘भात पूर्ण बंद’ असे होते. गुहागरच्या माणसाला भात पूर्ण बंद सांगणे म्हणजे समुद्रावरच्या माणसाला वाळूवर पाय ठेवू नको म्हणण्यासारखे आहे. तो कागद घरी पोहोचेपर्यंत दादांच्या मनातून उतरलेला होता. त्या कागदात बांगडा नव्हता, कुळथाची पिठी नव्हती, नाचणीची भाकरी नव्हती, ताकातले भरड नव्हते, आणि फणस व आंबा यांविषयी तर अवाक्षर नव्हते. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी साधे उत्तर दिले: भात बंद करू नका, मोजा. ताटात आधी भाजी आणि मासा घ्यायचा, भात एका वाटीपुरता, तांदळाची भाकरी असेल तर भात नाही, आणि सुरमई-बांगडा रव्यात घोळून तेलात तळण्यापेक्षा कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात. उकड्या तांदळाला साखर नसते असा जो समज आपल्याकडे आहे त्यावर त्या हसल्या. त्याने साखर थोडी सावकाश वाढते इतकेच, म्हणून ताट भरून घ्यायची मुभा मिळत नाही. मध्यम आकाराच्या एका हापूसमध्ये साधारण दीड-दोन फुलक्यांइतकी कर्बोदके असतात, तेव्हा आंबा खायचा तर फोडी करून, अर्धा, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी. रस मात्र नको, कारण वाटीभर रसात किती आंबे गेले ते कळत नाही. आंबापोळी, फणसपोळी ही बहुधा साखर घालून वाळवलेली असते, ती बंद. हीच चार वाक्ये छापून दिली असती तर त्या आहारतज्ज्ञांची वेगळी फी सार्थकी लागली असती.

खर्चाचे म्हणाल तर डॉक्टरांची फी मुंबईच्या मानाने वाजवी आहे, चाचण्यांचा खर्च मात्र फीच्या कितीतरी पट होतो. स्वागतकक्षातील मुलगी सर्वांना एक ‘संपूर्ण तपासणी पॅकेज’ सुचवते, ज्यात डॉक्टरांनी न लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी असतात. ते नम्रपणे नाकारावे. डॉक्टरांनी लिहिलेल्या तेवढ्याच चाचण्या कराव्यात, यावर डॉक्टरांचीही हरकत नसते. औषधे त्याच इमारतीतील दुकानातून घ्यावी अशी अपेक्षा कोणी बोलून दाखवत नाही, पण चिठ्ठीवर ब्रँडची नावे असतात आणि तीच दुकानात हाताशी असतात. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचे 2022 मध्ये संपल्यापासून दोन्ही औषधे अनेक कंपन्या बनवतात आणि किमती बऱ्याच उतरल्या आहेत. आम्ही डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती केली, त्यांनी लगेच लिहून दिले, आणि आता दादांची बरीचशी औषधे जनऔषधी केंद्रातून येतात. विचारल्यावर मिळते, न विचारता मिळत नाही, असा येथील एकूण व्यवहार आहे.

तोच प्रकार परतीच्या पत्राचा. पहिल्या भेटीनंतर हाती आली ती संगणकावर छापलेली औषधांची चिठ्ठी. गावच्या डॉक्टरांना उद्देशून एक ओळही नव्हती. ग्लिमेपिराइड का कमी केले, टेल्मिसार्टन सुरू असताना पोटॅशियम केव्हा पाहायचे, साखर किती राहिली तर समाधान मानायचे, हे त्यांना कसे कळावे? दुसऱ्या खेपेला आम्ही पत्र मागितले, तेव्हा डॉक्टरांनी ते मनापासून लिहिले आणि दादांसाठी एचबीएवनसीचे लक्ष्य साडेसातच्या आत एवढेच ठेवले, कारण साखर एकदम खाली जाण्याचा त्यांना असलेला धोका सातचा आकडा गाठण्यापेक्षा मोठा आहे. दवाखान्याचा मोबाइल नंबर मदतनीस उचलतो. औषधाच्या डोसविषयीचे उत्तर संध्याकाळपर्यंत मिळते, पण तातडीच्या वेळी त्यावर विसंबू नये. डोळ्यांची तपासणी येथे होत नाही. त्यासाठी त्यांनी शहरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. टाइप 2 मधुमेहात निदान झाल्यापासूनच पडदा तपासून घ्यायचा असतो आणि बहुतेकांना तो दरवर्षी तपासावा लागतो, कारण नजर अधू होईपर्यंत पडद्यावरचा बिघाड जाणवत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये.

ज्यांना ही फी आणि चाचण्या झेपणार नाहीत त्यांच्यासाठी दुसरे मार्ग नाहीत असे नाही. असंसर्गजन्य आजारांचा सरकारी कार्यक्रम 2010 पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांत त्याखाली मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आणि औषधे मिळतात. चिपळुणाजवळ डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. सिंधुदुर्गातील लोक पूर्वापार गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळत आले आहेत. मुंबईतल्या मुलांचा ‘इकडेच या, केईएमला दाखवू’ हा आग्रहही रास्त असतो, कारण तेथे अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र मधुमेह हा एकदा दाखवून संपणारा आजार नाही. रात्रीच्या गाडीने जाऊन आलेला माणूस पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा जातोच असे नाही, आणि मग मुंबईची चिठ्ठी वर्षभर तशीच गिरवली जाते. जवळचा, पुन्हा गाठता येईल असा दवाखाना मला त्यापेक्षा बरा वाटतो.

ज्यांची साखर नुकतीच वाढलेली सापडली आहे, जे एका मेटफॉर्मिनवर आहेत, ज्यांची एचबीएवनसी सातच्या आसपास आहे आणि ज्यांचे डॉक्टर लघवी, पाय आणि डोळे यांची वार्षिक तपासणी करवून घेतात, त्यांनी या दवाखान्याकडे जाण्याची मला गरज दिसत नाही. त्यांच्या डॉक्टरांना या तीन तपासण्यांची आठवण केली तर पुरेसे आहे. मात्र दोन-तीन औषधांवरही सहा-सहा महिने साखर हटत नाही, साखर वारंवार एकदम खाली जाते, वय कमी किंवा शरीर सडपातळ असून वजन उतरत आहे, लघवीतून अल्ब्युमिन जाते किंवा क्रिॲटिनिन चढत आहे, दम्यासारख्या आजारासाठी स्टेरॉइड सुरू आहे, इन्सुलिन सुरू करून घडी बसत नाही, किंवा मधुमेह असलेल्या स्त्रीला मूल हवे आहे, अशा वेळी गावच्या डॉक्टरांचे पत्र घेऊन जरूर जावे. पायाला चिघळलेली जखम, काळी पडलेली बोटे, किंवा मळमळ-उलट्यांसह धाप लागणे यांसाठी तज्ज्ञाच्या शनिवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दादांची व्यवस्था आता अशी बसली आहे की दर तीन महिन्यांची तपासणी आणि औषधे गावच्या डॉक्टरांकडे, आणि तज्ज्ञांकडे वर्षातून एखादी फेरी, तीही काही अडले तर आधी. अलीकडची एचबीएवनसी साडेसातच्या खाली आली आहे आणि दुपारचा घाम थांबला आहे. वाडीत ते आता बंद बूट घालतात, रोज रात्री वहिनी बॅटरी लावून त्यांचे तळवे पाहतात. जाणाऱ्यांनी नाव आठवडाभर आधी नोंदवावे, सोबत नाश्त्याचा डबा, चालू औषधांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट न्यावेत, आणि शक्यतो गणपतीचे दिवस टाळावेत. तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात, जो तो आपल्या आईवडिलांना दाखवून घेतो, आणि डॉक्टरांकडून एरवी मिळणारा निवांत वेळ त्या शनिवारी निम्म्यावर येतो.